प्रोफेसरांचे वरळीचे शेजारी

दुसऱ्यांची पत्रं आमच्या जर्मनच्या सरांइतकी मन लावून वाचणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल, आणि असलाच तर तो तुरुंगात असेल. सर मात्र हा उद्योग वरळीच्या बीडीडी चाळीतल्या आपल्या खोलीत, दार सताड उघडं टाकून, बनियनवर बसून राजरोस करायचे. पत्रं व्हिएन्नातल्या एका संगीताच्या अभ्यासकाची होती. हा गृहस्थ गेल्या शतकाच्या सुरुवातीला होऊन गेला. मोठमोठ्या संगीतकारांनी हाताने लिहिलेलं नोटेशन आणि प्रकाशकांनी छापलेलं नोटेशन यांतले फरक शोधायचे आणि मग त्या प्रकाशकांना जगणं नकोसं करायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. त्यासाठी तो रोज पत्रं लिहायचा. प्रकाशकांना, शिष्यांना, भावाला, पियानो जुळवणाऱ्याला, वरच्या मजल्यावर पाय आपटत चालणाऱ्या भाडेकरूलासुद्धा. ही पत्रं आणि त्यांना आलेली उत्तरं तिथल्या एका संस्थेने जपून ठेवली आहेत. त्यांचे फोटो इंटरनेटवर टाकून संस्थेने जगभरच्या लोकांना विनंती केली होती, की ज्यांना हे जुनं वळण लागतं त्यांनी ती वाचून टाइप करून द्यावीत. जुनं वळण म्हणजे जर्मनची मोडीच. आजच्या बहुतेक जर्मन माणसांनाही ती वाचता येत नाही. सरांना यायची, कारण तरुणपणी ते ज्या जर्मन कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसात पत्रव्यवहार सांभाळायचे, तिथला म्हातारा साहेब त्याच वळणात चिठ्ठ्या लिहायचा आणि त्या लागणारे अख्ख्या ऑफिसात हे एकटे. त्याच्याही आधी, शाळेत असताना, चाळीतल्या गिरणी कामगारांची गावाकडची पत्रं लिहून द्यायचे. "जन्मभर दुसऱ्यांचीच पत्रं," सर म्हणायचे. "पोस्टमनला माझं नाव ठाऊक, पण माझ्या नावाचं त्याच्याकडे कधी काही नसायचं."

मी दादरची. शाळा इंग्रजी माध्यमाची आणि स्वभाव आतून कडी लावलेला. नोकरीसाठी जर्मन शिकायचं ठरलं तेव्हा आधी एका मोठ्या क्लासला गेले. तिथे पहिल्याच दिवशी शेजारच्या मुलाकडे वळून आपल्या छंदांविषयी जर्मनमध्ये गप्पा मारायला सांगितलं. मला मराठीतही शेजारच्या मुलाशी छंदांविषयी गप्पा मारता येत नाहीत. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेले ती थेट घरी आले. मग कुणीतरी सरांचं नाव सुचवलं. "बीडीडीत? जर्मन?" आई म्हणाली, आणि ते दोन शब्द तिने असे लांब लांब ठेवले की मधून एक बस गेली असती. मी गेले. दारात उभी राहिले आणि नेहमीप्रमाणे काही बोलले नाही. सरांनी चष्म्यावरून बघितलं. "बोलायला आवडत नाही का तुला?" मी मान हलवली. मला वाटलं, आता तेच ऐकावं लागणार, जे मी लहानपणापासून प्रत्येक मावशी-आत्याकडून ऐकत आले, की अगं बोल ना, बोलल्याशिवाय कसं कळणार. सर म्हणाले, "छान. मग लिही." आणि माझ्या हातात कोऱ्या पोस्टकार्डांचा गठ्ठा ठेवून त्यांनी मला घरी पाठवलं.

आमचा अभ्यास असा पोस्टाने सुरू झाला. प्रोफेसर आलेल्या पत्राला त्याच दिवशी उत्तर द्यायचे, म्हणून सरही द्यायचे, म्हणून मीही द्यायचं. (त्या गृहस्थाला सर 'प्रोफेसर' म्हणायचे, का, ते पुढे येईल.) दादरहून वरळीला चालत गेलं तरी तासभरात पोचता येतं, पण कार्ड आपल्या मर्जीने पोचायचं. दर रविवारी मी शिकवणीला जायचेच, पण कार्डात काय लिहिलंय ते तोंडी सांगायची बंदी होती. "येऊ दे ना. आधी सांगितलंस तर पोस्टमनने काय करायचं?" एकदा ताप आला म्हणून मी न येण्याचं कार्ड टाकलं. ते पोचलं पुढच्या आठवड्यात, आणि "संपूर्ण विश्रांती घे, उठू नकोस" असं सरांचं उत्तर आलं तेव्हा मी एका लग्नाच्या पंगतीला निघाले होते. व्हॉट्सअ‍ॅप त्यांच्या फोनवर होतं, पण तिथेही 'स. न. वि. वि.'पासून सुरुवात आणि शेवटी 'कळावे' लिहून खाली पूर्ण नाव. पहिल्या काही महिन्यांनी माझी जर्मन कार्डं वाचून त्यांनी मराठीत लिहिलं, "व्याकरण ठीक. पण यात तू कुठे आहेस? आधी मराठीत लिहून बघ, काय सांगायचंय ते आपल्यालाच कळू दे." माझं मराठी तेव्हा वाण्याच्या यादीपुरतं होतं. आज हे लिहिते आहे ते त्या कार्डांच्या जिवावर.

चाळीच्या लांबलचक पॅसेजमध्ये दोन्ही बाजूंना खोल्या आणि सगळी दारं उघडी, त्यामुळे सर जे मोठ्याने वाचायचे ते सार्वजनिक व्हायचं. प्रोफेसरांची तब्येत हा तर मजल्याचा विषय होता. त्यांना पोटाचा जुना विकार होता आणि ते तो पत्रातून सविस्तर कळवायचे. समोरच्या खोलीतल्या मावशी भाजी निवडता निवडता विचारायच्या, "काय ओ सर, प्रोफेसरांचं पोट कसं हाय आज?"

"काल रात्री कोबी खाल्ला त्यांनी."

"कोबी? आन् रात्री? बायको काय करत होती?"

"ती नको म्हणत होती. ऐकलं नाही."

"बापय मानूस ते. ऐकतंय कुठं?" मावशी म्हणायच्या. "ओवा द्या म्हणावं."

कॅरम खेळणारी मंडळीही येता-जाता चौकशी करायची. त्यांच्यातल्या निम्म्यांना प्रोफेसर हे सरांचे कंपनीतले जुने साहेब वाटायचे आणि उरलेल्यांना दूरचे व्याही. मला हा गैरसमज दूर करावासा वाटे, पण तोंड उघडणं माझ्या स्वभावात नव्हतं आणि सरांच्या फायद्याचं नव्हतं. पुढे पुढे तर आमच्या दादरच्या घरीही हे लोण पोचलं. ज्या आईने ते दोन शब्द लांब लांब उच्चारले होते, ती रविवारी मी चपला काढायच्या आत विचारू लागली, "भाडेकरूने पाय आपटणं थांबवलं का गं?"

सर प्रोफेसरांच्या भांडणांत इतके गुंतायचे की ती त्यांच्या अंगात यायची. प्रकाशकाशी झालेल्या मोठ्या भांडणाच्या काळात मजल्यावरच्या एका मुलीचं लग्न ठरलं आणि पत्रिकेचं प्रूफ बघायला सरांकडे दिलं. सर तेव्हा प्रोफेसरांच्याच तालात होते. परळच्या प्रेसला त्यांनी प्रूफं परत पाठवली, पुन्हा पाठवली, सोबत दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेविषयी पानभर पत्र जोडलं. प्रेसवाल्याने उत्तर दिलं नाही, म्हणून सरांनी त्याच्या मौनाविषयी दुसरं पत्र लिहिलं. पत्रिका फार देखण्या झाल्या. त्या हळदीच्या संध्याकाळी आल्या. मुलीचा बाप सरांच्या दारात येऊन नुसता उभा राहिला, आणि सर म्हणाले, "आता वाटू नका, पण जपून ठेवा. एकही चूक नाही." त्या दिवसापासून सर आणि प्रेसवाला यांचं बोलणं बंद झालं. प्रेसवाला तसा त्यांचा शाळेपासूनचा मित्र.

गंमत म्हणजे संगीताचा आणि सरांचा संबंध जयंतीच्या मिरवणुकीतल्या ढोलकीपर्यंतचा. पत्रात मध्येच नोटेशन आलं की ते थांबून म्हणायचे, "आता इथे पाच तारा आणि त्यावर मुंग्या," आणि पुढच्या ओळीवर जायचे. मी एकदा विचारलं, अर्थात कार्डावर, की संगीत कळत नाही तर ह्या माणसाचा एवढा लळा कशासाठी? उत्तर आलं ते नेहमीपेक्षा बारीक अक्षरात होतं. "ह्या माणसाला विद्यापीठाने शेवटपर्यंत नोकरी दिली नाही. अर्ज केले, शिफारशी गेल्या, दर वेळी जागा दुसऱ्याला. कारण कुठल्याच पत्रात लिहिलेलं नाही. तो ज्यू होता. मला कुणी कारण लिहून द्यायची गरज पडली नाही. घरी शिकवण्या करून जगला बिचारा. त्याला प्रोफेसर कुणी म्हटलंच नाही, म्हणून आपण म्हणतो." ते कार्ड मी आईला वाचून दाखवलं. तिने ते हातात घेऊन पुन्हा वाचलं आणि देव्हाऱ्याजवळच्या खणात, जिथे आमचे पासपोर्ट असतात, तिथे ठेवलं.

चाळीच्या जागी टॉवर होणार हे तोवर नक्की झालं होतं. खोल्या रिकाम्या करायच्या नोटिसा लागल्या. त्याच सुमारास व्हिएन्नाहून शेवटचा गठ्ठा आला, म्हणजे त्याचे फोटो आले, आणि सरांचा वेग एकाएकी मंदावला. रोज चार-चार पानं उतरवणारा माणूस एका ओळीवर आठवडा काढू लागला. कधी लाइट नीट नाही, कधी जयंतीची मीटिंग. संस्थेतल्या बाईंचं अतिशय नम्र ईमेल आलं, की सरांना जमत नसेल तर संकोच करू नये, महिनाअखेर हा गठ्ठा दुसऱ्या कुणाला देता येईल. सरांनी मला उत्तर सांगितलं, "डोळ्यांचा त्रास आहे असं लिही." मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन त्यांची नजर अशी झाली होती की त्याच सकाळी त्यांनी खिडकीतून खाली रस्त्यावरच्या टेम्पोच्या मागे लिहिलेली ओळ वाचून तिच्यातली चूक काढली होती.

मी ईमेल पाठवलं आणि घरी जाता जाता मला उमगलं. पत्रांच्या वरच्या तारखा पुढे सरकत होत्या. अक्षर थरथरायला लागलं होतं. गठ्ठा पुरा करायचा म्हणजे प्रोफेसरांना मरू द्यायचं, आणि सर ते लांबवत होते. पण असंच लांबलं तर परक्याच कुणाच्या हातून ते व्हायचं होतं. इतकी वर्षं ज्याचं पोट, घरभाडं आणि अपमान सांभाळले, त्याच्या शेवटाला सर नसते. हे त्यांना तोंडी सांगायची माझी छाती नव्हती. मी कार्ड लिहिलं. "सर, तुम्ही घाबरला आहात का?" त्यांचं उत्तर आलं तेव्हा त्या अख्ख्या कार्डावर एकच शब्द होता. "होय." खाली पूर्ण नाव. आणि उलट्या बाजूला, पत्त्याच्या कोपऱ्यात, "रविवारी लवकर ये. एकट्याने होणार नाही."

रविवारी मी शेजारी बसले. सर मोठ्याने वाचत होते, मी टाइप करत होते. प्रोफेसरांचं शेवटचं पत्र प्रकाशकालाच होतं, सतराव्या पानावरच्या चुकीविषयी. पुढच्या कागदाला काळी किनार होती, तिकडे दुखवट्याच्या पत्राला असते तशी. एका शिष्याने दुसऱ्याला कळवलं होतं. सरांनी ते वाचलं, चष्मा काढला, उठून दाराशी गेले. समोर मावशी लसूण सोलत होत्या.

"काय झालं ओ सर?"

"प्रोफेसर गेले," सर म्हणाले.

मावशींच्या हातातला लसूण तसाच राहिला. "आरं देवा," एवढंच म्हणून त्या उठल्या आणि पॅसेजमधून बातमी शेवटच्या खोलीपर्यंत गेली. कॅरम थांबला. कुणीतरी बाकडं आणून सरांच्या दाराबाहेर ठेवलं आणि मंडळी त्यावर, माणूस गेलेल्या घरासमोर बसतात तशी, हात मांडीत घेऊन बसली. काय करावं न सुचून सर चहाचं भांडं गॅसवर ठेवायला गेले, तर मावशी आत शिरल्या. "गॅस लावायचा न्हाय. आज तुमच्या घरात काय शिजायचं न्हाय." थोड्या वेळाने पिठलं, भाकरी आणि भाताचं पातेलं आलं. ज्याला आम्ही घाबरत होतो तो प्रश्न एका कॅरमवाल्याने विचारलाच. "सर, मग नेणार कधी? तिकडे आपलं कोण आहे का?"

सर माझ्याकडे बघू लागले. मी माझ्या बोटांकडे. शेवटी ते म्हणाले, "सगळं होऊन गेलंय रे. खूप वर्षं झाली. मी जन्मायच्या आधीच गेले ते." मला वाटलं, आता लोक हसतील किंवा रागावतील. मावशींनी सरांच्या ताटात भाकरी वाढली.

"मला म्हाईत हाय ते," त्या म्हणाल्या. "मी काय येडी हाय व्हय? त्या फोटूतल्या कागदाकडं बघून कळत न्हाय, किती जुना हाय ते?"

"मग रोज पोटाचं काय विचारत होतात मावशी?" हे मी बोलले. पॅसेजमध्ये, सगळ्यांसमोर, मोठ्याने.

"अगं पोरी, सांगताना ह्यांचं तोंड बघितलं न्हाईस का कधी? दिवसभर एकटा माणूस. तेवढ्यापुरता खुलायचा." मग सरांकडे वळून, "आन् गेल्याचं आज कळलं ना तुम्हाला? मग तुमच्यासाठी आजच गेले. जेवा आता गपचूप." सर जेवले. मीही जेवले. असलं पिठलं मी पुन्हा खाल्लेलं नाही.

गठ्ठा तिथे संपला नव्हता. काळ्या किनारीनंतर प्रोफेसरांच्या बायकोला आलेली सांत्वनाची पत्रं होती, आणि सरांनी ती आठवड्याभरात, पहिल्यासारख्या वेगाने, उशिरा लिहिणाऱ्यांना नावं ठेवत उतरवली. सगळ्यांत मोठं आणि सगळ्यांत सुंदर पत्र त्या प्रकाशकाचं निघालं. आता मला माझ्या चुका कोण दाखवणार, असं त्याने लिहिलं होतं. सरांनी ते वाचून मुठी वळल्या, मग सोडल्या, मग शर्ट घातला आणि मला घेऊन परळला प्रेसवाल्याकडे गेले. दोघांनी चहा घेतला. लग्नपत्रिकेचा विषय कुणीच काढला नाही. निघताना सरांनी त्याच्या बोर्डावरची एक चूक दाखवली आणि तो म्हणाला, "मला वाटलंच, तू एवढ्यात बरा होणार नाहीस."

घरी परत येताना सर म्हणाले, "सगळ्यांची पत्रं गेली प्रोफेसरांच्या बाईंना. आपलं राहिलंय." बाईही केव्हाच गेल्या होत्या, हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी त्याच जुन्या वळणात एक पत्र लिहिलं. त्या वळणात पहिल्यांदाच स्वतःचं. तुमच्या यजमानांची आम्ही रोज चौकशी करत असू, त्यांनी कोबी खायला नको होता, आमच्यात ते प्रोफेसर म्हणून ओळखले जात. पॅसेजमधल्या सगळ्यांनी खाली सह्या केल्या, मावशींनी विचारलं, "ओव्याचं लिहिलं का?", आणि ते ताजा कलम म्हणून घालावं लागलं. वर पत्ता घातला बीडीडी चाळ, वरळी, मुंबई. पत्र बाईंच्या नावाने, संस्थेच्या पत्त्यावर गेलं.

उत्तर आलं ते ईमेलने नव्हे, पाकिटातून. संस्थेतल्या बाईंनी हाताने लिहिलं होतं. नियमांमुळे हे पत्र प्रोफेसरांच्या पत्रव्यवहारात घालता येत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटतं. पण त्याला स्वतंत्र खोका देऊन तो त्याच फळीवर, शेवटच्या गठ्ठ्याच्या शेजारी ठेवला आहे. पत्रात त्यांनीही 'प्रोफेसर' असंच लिहिलं होतं. सरांनी ते मावशींना समजावून सांगितलं.

"म्हंजे शेजारीच की," मावशी म्हणाल्या.

"शेजारीच," सर म्हणाले.

आता ती चाळ उभी नाही. पाडून झाल्यावर सर मला एकदा तिथे घेऊन गेले होते. पत्र्याच्या कुंपणापलीकडे आमच्या मजल्याच्या उंचीवर नुसतं आकाश होतं. सर टॉवरमध्ये वरच्या मजल्यावर राहतात. दारं तिथे बंद असतात आणि मावशींना लिफ्टने यावं लागतं, तरी त्या येतात आणि आता प्रोफेसरांच्या बाईंच्या गुडघ्यांची चौकशी करतात, कारण सरांनी संस्थेकडून बाईंची पत्रं मागून घेतली आहेत. मला परळच्या एका ऑफिसात जर्मन पत्रव्यवहाराची नोकरी मिळाली. मीटिंगमध्ये बोलायची वेळ येते तेव्हा बोलते. घाम फुटतो, पण मग त्या पॅसेजमधला माझाच आवाज आठवतो. मला बोलतं करायचा प्रयत्न पुष्कळांनी केला. गप्प राहू देऊन हातात कार्ड ठेवणारे सर एकटेच, आणि त्यांचे आभार मी अजून तोंडाने मानलेले नाहीत.

आज दुपारी त्यांचं कार्ड आलंय. अक्षर जरा थरथरायला लागलंय. मी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. बाईंचा गुडघा बरा आहे, वरती वारा फार लागतो, रविवारी ये, असं लिहिलंय. पोस्टाची पेटी आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे आणि शेवटचं टपाल निघायला अजून थोडा वेळ आहे. उत्तर आजच जायला हवं.